छताआड लपवलेली साक्ष

ज्या चित्रपटातील एकही दृश्य त्याच्या कर्त्याने स्वतः टिपलेले नसते, त्याला त्या चित्रपटाचा कर्ता म्हणावे काय? इतरांनी चित्रित केलेली, कोठारांत धूळ खात पडलेली रिळे शोधायची, पाहायची, निवडायची आणि नव्या क्रमाने जोडायची, अशी संकलित अनुबोधपटांची रीत आहे. रशियात एस्फिर शुब ह्या विदुषीने १९२७ मध्ये झारच्या घरातील खाजगी चित्रणे व जुने वार्तापट एकत्र करून रोमानोव्ह घराण्याच्या पतनाचा चित्रपट सिद्ध केला, तो ह्या प्रकारातील आरंभीचा मोठा प्रयत्न मानला जातो. पुढे युद्धे, भूकंप, महापूर अशा आपत्तींच्या जुन्या चित्रणांतून कितीतरी अनुबोधपट निघाले. इतिहासकार दप्तरे चाळतो, तसेच हे काम आहे. मात्र दप्तर कोणाच्या कुलपात आहे, हा प्रश्न इतिहासकाराला चुकत नाही, तसा संकलकालाही चुकत नाही. हिरोशिमा आणि नागासाकीच्या चित्रणांचा इतिहास पाहिला म्हणजे हे पुरेपूर पटते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. सप्टेंबरात निप्पोन एइगाशा ह्या जपानी वार्तापट संस्थेचे छायालेखक शास्त्रज्ञांसह तेथे पोहोचले. ह्या कामाचे निर्माते होते अकिरा इवासाकी. जपानी सरकारने १९३९ मध्ये केलेल्या चित्रपट कायद्याला विरोध केल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता. आता अडथळा दुसऱ्या बाजूने आला. ऑक्टोबरात नागासाकी येथे अमेरिकन लष्करी पोलिसांनी एका छायालेखकाला पकडले आणि चित्रण थांबविण्याचा हुकूम निघाला. पुढे बाँबच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पथकालाच ह्या चित्रणाची गरज भासली, म्हणून त्याच्या देखरेखीखाली काम पुरे करण्याची परवानगी मिळाली. १९४६ मध्ये सुमारे २ तास ४० मिनिटांचा पट तयार झाला आणि सर्व रिळांसह अमेरिकेस रवाना झाला. जपानात त्याची एक फूटही फीत राहू नये, असा आदेश होता.

हा पट शास्त्रीय अहवालाच्या थाटाचा होता. पुलाच्या कठड्याची जमिनीवर उमटलेली छाया, तिच्यावरून स्फोटाचे केंद्र शोधणारे शास्त्रज्ञ, वाकलेल्या तुळया, करपलेली झाडे हे सारे त्यात बारकाईने टिपलेले आहे. माणसेही आहेत, परंतु थोडी, आणि तीही रुग्णांच्या नोंदीसारखी. इवासाकी व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी मात्र शिक्षेचा धोका पत्करून एक कच्ची प्रत मागे ठेवली आणि छताआड दडवली. १९५२ मध्ये परकीय ताबा संपेपर्यंत तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

अमेरिकेने १९६७ मध्ये पूर्ण पटाची प्रत जपान सरकारला परत केली. पुढच्या वर्षी ती लोकांना दाखविण्यात आली, तेव्हा माणसांच्या जखमांची दृश्ये गाळलेली होती. आमच्या मते हा तपशील फार बोलका आहे. विजेत्याने सारा पट दडवला; पराभूताच्या सरकारने इमारती दाखवल्या आणि माणसे झाकली. जखमींच्या प्रतिष्ठेचे कारण पुढे करता येते, आणि ते अगदीच पोकळ आहे असे नाही. पण ज्यांच्या नावाने हा पडदा ओढला गेला, त्यांना कोणी विचारले होते काय?

ह्या पटाची वार्ता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक एरिक बार्नो ह्यांच्या कानी आली. एस. कृष्णस्वामी ह्यांच्यासमवेत भारतीय चित्रपटाचा इतिहास १९६३ मध्ये प्रसिद्ध करणारे तेच हे बार्नो. त्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याशी पत्रव्यवहार केला, रिळे मिळवली आणि सहकाऱ्यांसह त्या दीर्घ पटातून अवघ्या १६ मिनिटांचा लघुपट संकलित केला. ‘हिरोशिमा-नागासाकी, ऑगस्ट १९४५’ हे त्याचे नाव. नवे चित्रण त्यांनी केले नाही. विखुरलेली माणसांची दृश्ये त्यांनी एकत्र आणली आणि त्यांना संथ, संयत निवेदनाची जोड दिली, इतकेच. परंतु तेवढ्याने अर्थ पालटला. जी दृश्ये बाँबची शक्ती मोजण्यासाठी साठवली होती, ती आता त्या शक्तीविरुद्ध साक्ष देऊ लागली.

फेब्रुवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हा लघुपट प्रथम दाखविण्यात आला. मोठ्या व्यापारी दूरचित्रवाणी कंपन्यांनी तो घेतला नाही. शैक्षणिक दूरचित्रवाणीने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो प्रक्षेपित केला. पुढे १९८० च्या सुमारास जपानमधील सामान्य नागरिकांनी आणखी एक वाट काढली. १९४६ मध्ये अमेरिकन छायालेखकांनी केलेले रंगीत चित्रणही दीर्घकाळ बंदिस्त होते. ते विकत घेण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली. एकेका माणसाने दहा फूट फितीची किंमत द्यायची, अशी ती योजना होती. त्या फितीत पाठ पूर्ण भाजलेला एक तरुण पालथा पडलेला दिसतो. तो म्हणजे नागासाकीत टपाल वाटताना, वयाच्या सोळाव्या वर्षी होरपळलेले सुमितेरू तानिगुची. पुढे २०१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध आवाज उठवला. आपली वेदना जगाने पाहावी, असे वेदना भोगणाऱ्यानेच ठरवले, तेव्हा लाजेखातर पडदा ओढण्याचा अधिकार इतरांना उरला नाही.

नागासाकी हे नाव आपल्याला परके नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथेच क्रुसावर हुतात्मा झाले. त्यानंतर छळाच्या काळात सुमारे अडीचशे वर्षे लपूनछपून श्रद्धा जपणाऱ्यांच्या वंशजांनी उराकामी भागात भव्य महामंदिर उभारले. अणुबाँब त्या मंदिरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. वेळ सकाळी ११ वाजून २ मिनिटांची. पवित्र मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता. प्रायश्चित्त संस्कारासाठी जमलेले भाविक आणि त्यांचे धर्मगुरू तेथेच गेले. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० दगावले. भग्न भिंती १९५८ मध्ये उतरवण्यात आल्या व १९५९ मध्ये नवे मंदिर उभे राहिले. जुन्या भिंतीचा थोडा भाग जतन केलेला आहे, पण त्या भिंती ढिगाऱ्यांत जशा उभ्या होत्या, तशा त्या आता चित्रणांतच पाहावयास मिळतात.

आज आपत्तीची दृश्ये घडता घडता घरोघरी पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी विस्मरणात जातात. त्या काळी चित्रणे मोजकी होती आणि ती दडवली जात. आता इतकी आहेत की एक दुसरीला झाकते. अशा वेळी संकलकाचे काम अधिकच जोखमीचे होते. त्याने क्रम बदलला तर सत्य उजळते आणि क्रम बदलला तर असत्यही रचता येते. म्हणून त्याला दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते: हे चित्रण कोणी, कोणत्या हेतूने केले ते तू सांगतोस काय? आणि पडद्यावर विव्हळणारा माणूस उद्या समोर येऊन बसला, तर त्याच्या शेजारी बसून हा पट तुला पाहवेल काय? तानिगुचींसारख्यांच्या बाबतीत ही कल्पना नव्हती. ते हयात होते, आणि त्यांनी स्वतःचे ते चित्र पाहिले होते.