दोन भरावांमधले स्टेशन

सातपुड्याचा घाट उतरून नागपूरच्या मैदानाकडे येऊ लागले म्हणजे सौंसर, मोहगाव, पांढुर्णा हा मुलूख लागतो. येथील जमीन काळी, बोली मराठी आणि जुने नगदी पीक कापसाचे. संत्र्याच्या बागांनी या भागाचे नाव पुढे दूरवर नेले हे खरे. परंतु त्याआधी कित्येक वर्षे येथील शेतकऱ्याचे साल बरे गेले की वाईट गेले, याचा निवाडा कापसाचा भावच करीत असे. आणि हा भाव ठरे पाचशे मैलांहून अधिक दूर, मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या कापूसबाजारात. ज्या माणसाने समुद्र कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्या चुलीपर्यंत कुलाब्यातील तेजीमंदीची धग पोहोचत असे.

या कुलाब्याला एके काळी आगगाडीचे स्टेशन होते. साधे थांबण्याचे स्टेशन नव्हे, तर लांब पल्ल्याच्या गाड्या जेथून सुटत आणि जेथे येऊन विसावत असे अखेरचे स्थानक. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या उत्तरार्धात ते जन्माला आले आणि जेमतेम साठ वर्षांचे आयुष्य भोगून नाहीसे झाले. त्याची पक्की इमारत तर पस्तीस वर्षेही पुरती जगली नाही. बोरीबंदरचे भव्य स्टेशन जगाच्या कौतुकाचा विषय व्हावे आणि त्याच शहरातील, त्याच काळातील दुसऱ्या एका स्टेशनचे नावही लोकांच्या स्मरणात राहू नये, असे का घडले?

कुलाबा हे मुळात मुंबईच्या सात बेटांपैकी एक. १८३८ साली कुलाब्याचा दगडी रस्ता पुरा झाला आणि हे बेट शहराला कायमचे जोडले गेले. तोवर भरती आली की कुलाबा तुटे आणि ओहोटी लागली की पुन्हा जोडला जाई. रस्ता होताच तेथील मोकळ्या जागेकडे व्यापाऱ्यांचे लक्ष वळले. किल्ल्याच्या आतील हिरवळीवर भरणारा कापसाचा बाजार १८४४ साली कुलाब्यास हलविण्यात आला. त्यामागोमाग गाठी बांधण्याचे दाबकारखाने आले, वखारी आल्या. १८७५ साली तेथेच ससून डॉक खुला झाला. मुंबईतील ही पहिली बंदिस्त गोदी. ज्याला आपण आज धनिकांची वस्ती म्हणून ओळखतो, तो कुलाबा त्या काळी गाठींचा, हमालांचा आणि खटाऱ्यांचा गाव होता.

अशा वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशाला वाट हवी होती; तेव्हा समुद्र हटवून जमीन निर्माण करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतील सर्वांत गाजलेली बॅकबे भराव कंपनी. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे मातब्बर सट्टेवाले त्या काळाचे नायक होते. पाच हजारांचा शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकला जाऊ लागला. जमीन अजून पाण्याखाली होती. पण तिच्या कागदावर माणसे श्रीमंत होत होती.

अमेरिकेतील युद्ध संपले आणि हा डोलारा कोसळला. १ जुलै १८६५ हा मुंबईच्या व्यापारी इतिहासातील काळा दिवस समजला जातो. पेढ्या बुडाल्या, कंपन्या बुडाल्या, बॅकबे कंपनीही बुडाली. मात्र बुडता बुडता तिने एक गोष्ट मागे ठेवली. समुद्राच्या कडेने भराव घालून काढलेली जमिनीची एक पट्टी शिल्लक राहिली, आणि तिच्यावरून आगगाडी दक्षिणेकडे सरकू लागली.

ही आगगाडी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बी. बी. अँड सी. आय. या कंपनीची. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी जी. आय. पी. कंपनी निराळी. बी. बी. कंपनीने आपले काम गुजरातेतून सुरू केले आणि ती १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडला येऊन पोहोचली. शहराचा व्यापार तर किल्ल्यात आणि कुलाब्यात. तेव्हा स्थानक पुढे पुढे सरकत गेले. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून पहिली लोकल बॅकबे नावाच्या स्टेशनवर आली. ते स्टेशनही पुढे नाहीसे झाले. १८७० साली चर्चगेट आले. आणि १८७२-७३ च्या सुमारास रूळ मैल-सव्वा मैल आणखी पुढे जाऊन कुलाब्यास भिडले. भरूच-सुरतेकडचा कापूस आता थेट बाजाराच्या दारात उतरू लागला.

नागपूर-वऱ्हाडच्या कापसाची वाट मात्र वेगळी होती. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. सौंसरकडचा कापूस बैलगाड्यांनी तेथवर जाई आणि पुढे जी. आय. पी. च्या डब्यांतून मुंबई गाठी. पण त्या कंपनीचे रूळ कुलाब्यापर्यंत नव्हते. तिच्या पूर्व किनाऱ्याकडील मालधक्क्यांवर गाठी उतरत आणि पुन्हा खटाऱ्यांत चढून, सारे शहर ओलांडून, कुलाब्यास जात. प्रवासाच्या आरंभी बैल आणि शेवटीही बैल, अशी या कापसाची यात्रा होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस जेथे पिकतो तेथेच त्याचे कापड व्हावे या विचाराने. या विचाराचे मोल कुलाब्याच्या वाटेवरील ही दगदग ध्यानात घेतली म्हणजे नीट कळते.

कुलाब्याचे स्टेशन प्रथम साधेसुधेच होते. शहर वाढले, प्रवासी वाढले, तेव्हा कंपनीने तेथे भारदस्त स्थानक उभारले आणि १८९६ साली ते खुले झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि पुढील काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली. नव्या स्थानकाच्या वाट्याला पहिल्याच वर्षी रिकामे होत जाणारे शहर आले.

परंतु शहर पुन्हा भरले आणि स्थानकाचेही दिवस पालटले. पश्चिमेकडील किनारा डाव्या-उजव्या हाताला ठेवीत, ओव्हलच्या मैदानाच्या पश्चिमेकडून गाड्या येत जात. एका बाजूला विद्यापीठ आणि उच्च न्यायालय यांचे गॉथिक मनोरे, तर दुसऱ्या बाजूला खुला समुद्र. गुजरातकडे आणि उत्तरेकडे जाणाऱ्या मेलगाड्यांचे हे मुक्कामाचे ठिकाण झाले. ५ जानेवारी १९२८ रोजी बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागली, तिचेही दक्षिणेकडील टोक कुलाबाच होते. त्याच वर्षी सुरू झालेली फ्रंटियर मेल कुलाब्याहून थेट पेशावरची वाट धरी. सरहद्दीवर बदलून जाणारा गोरा शिपाई, कचेरीत वेळेवर पोहोचण्याची धडपड करणारा कारकून आणि कापसाचा दलाल, अशी निरनिराळ्या जगांतली माणसे एकाच फलाटावर उतरत.

आश्चर्य असे की, विजेच्या गाड्या धावू लागल्या तेव्हाच या स्थानकाचे भवितव्य ठरून गेलेले होते. मृत्यूची कारणे तीन दिशांनी आली.

पहिले कारण कापसाचे. गाठींचे ओझे कुलाब्याच्या अरुंद जागेला झेपेना आणि शहरातील रस्त्यांना खटाऱ्यांची गर्दी सोसवेना. बंदराच्या विश्वस्तांनी शिवडीच्या बाजूस समुद्रात भराव घालून प्रशस्त जागा तयार केली. १९१५ साली त्यांची स्वतःची रेल्वे सुरू झाली आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत कापसाचा बाजार तिकडे हलला. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन हे स्टेशन अजूनही त्याची खूण सांगते. ज्या मालासाठी रूळ कुलाब्यास आले होते, तो मालच निघून गेला.

दुसरे कारण प्रवाशांचे. कचेऱ्या किल्ल्याच्या परिसरात होत्या आणि त्यांना चर्चगेट जवळ पडे. पुढे कुलाब्यापर्यंत जाणाऱ्यास ट्रॅमही होती. १८७४ च्या ९ मे रोजी मुंबईत घोड्यांची ट्रॅम सुरू झाली, तिचा एक मार्ग कुलाब्याहूनच निघाला होता. १९०७ पासून ती विजेवर धावू लागली.

तिसरे कारण सर्वांत बलवान होते, आणि ते जमिनीचे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई झाली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने साठ वर्षांपूर्वीचे बॅकबेचे स्वप्न पुन्हा बाहेर काढले. चर्चगेटपासून कुलाब्याच्या टोकापर्यंत ११४५ एकर समुद्र भरून काढावयाचा होता. खर्च फुगला, गाळ टिकेना, अंदाज चुकले. बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर इतकी कडक टीका केली की, एका इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यातून ते निर्दोष सुटले. लोकांनी या योजनेला लॉइडसाहेबांचा वेडेपणा असे नाव दिले. अखेर मूळ बेताच्या निम्म्याहूनही कमी जमीन हाती आली. तीच पुढे मरीन ड्राइव्हची आणि ओव्हलसमोरील नव्या घरांची जागा झाली.

या नव्या जमिनीच्या आणि जुन्या शहराच्या मध्ये कुलाब्याचे रूळ आडवे पडले होते. रूळ जमिनीलगत असल्यामुळे जागोजागी फाटके होती. समुद्रकाठच्या उंची भूखंडांना ही आगगाडी खपणे शक्य नव्हते. म्हणून चर्चगेटच्या पुढील मार्ग सोडून द्यावयाचा आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी उत्तरेस नवे स्थानक बांधावयाचे असे ठरले. बेलासिस रोडजवळ क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बॉम्बे सेंट्रल उभे राहिले आणि १८ डिसेंबर १९३० रोजी सुरू झाले. त्यानंतर तेरा दिवसांनी, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री, वर्षाबरोबरच कुलाब्याचे स्टेशनही संपले.

एका भरावाने हे स्टेशन जन्मास घातले आणि दुसऱ्या भरावाने ते मारले. पहिल्या वेळी जमीन स्वस्त झाली होती, कारण सट्टा बुडाला होता. म्हणून ती रेल्वेला मिळाली. दुसऱ्या वेळी तीच जमीन महाग झाली, म्हणून रेल्वेकडून ती गेली. प्रवाशाची सोय आणि जमिनीचा भाव यांचा झगडा लागला तेव्हा भावाचा विजय झाला. बोरीबंदरचे स्टेशन टिकले ते केवळ अधिक सुंदर होते म्हणून नव्हे; त्याच्या पायाखालची जमीन कोणाला इतक्या निकडीने नको होती, हेही त्याचे भाग्य. याच कंपनीची, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बांधलेली आणि १८९९ साली पुरी झालेली कचेरी चर्चगेटसमोर आजही दिमाखाने उभी आहे. कंपनीची कचेरी राहिली, प्रवाशांचे स्टेशन गेले.

नफा कोणाचा झाला आणि तोटा कोणाचा, हे मात्र सांगता येते. कुलाब्यात राहणारा वा तेथे कामाला जाणारा सामान्य माणूस चर्चगेटला उतरून पुढची वाट ट्रॅमने किंवा पायी काटू लागला. १९६४ साली मुंबईची ट्रॅमही बंद झाली, तेव्हा ती वाट बसकडे आली. ससून डॉकवर पहाटे मासळी उचलणाऱ्या कोळिणींना, लष्करी छावणीतील नोकरांना, दुकानांतील गड्यांना हा शेवटचा मैल रोजच्या रोज मोजावा लागला. जेथे फलाट होते तेथे आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. जमिनीचा तो तुकडा रेल्वेकडे राहिला, आगगाडी तेवढी राहिली नाही.

२०१८ साली ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. पूर्वेच्या बाजूस व्हिक्टोरियन गॉथिक, पश्चिमेच्या बाजूस तीसच्या दशकातील आर्ट डेको. या दोन जगांमधून एके काळी आगगाडी जात असे, आणि ती गेली म्हणूनच दुसरे जग तेथे सुखाने नांदू शकले, हे ते सौंदर्य पाहताना क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

इतिहासाची एक गंमत अशी की, तो सोडलेल्या वाटेवर कधीकधी परत येतो. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबईची भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली. कुलाब्याच्या जुन्या स्थानकापासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे. जी गाडी जमिनीवरून हटविली, तीच पंचाण्णव वर्षांनी जमिनीखालून आणावी लागली. आणि तीही एका मैलासाठी किती खर्च येतो हे जगाला ठाऊक झाल्यावर.

सौंसरला १९१३ साली नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी आली. शंभर वर्षे तिने कापूस, संत्री आणि माणसे वाहिली आणि रुंद रुळांसाठी जागा देऊन २०१५ साली ती थांबली. तेथे रूळ बदलले, वाट तीच राहिली. कुलाब्यात वाटच विकली गेली. गावाने वा शहराने एखादी वाट मोडण्यापूर्वी, ती पुन्हा घालावयास काय पडेल, याचा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा, एवढे शहाणपण हे हरवलेले स्टेशन मागे ठेवून गेले आहे.