समजलं का?

गेल्या रविवारी लेकीला (इयत्ता दुसरी) एक गोष्ट वाचायला दिली. बाईसाहेबांनी धडाधड वाचली, एकाही शब्दाला न अडखळता. मी खूश! म्हटलं, "समजलं का?"
"हो."
"मग सांग, कोल्हा तळ्यावरून पाणी न पिताच परत का गेला?"
गप्प. मी तोच प्रश्न जरा मोठ्या आवाजात विचारला. (आम्हा बापलोकांची शिकवण्याची पद्धत ही एवढीच! :-)) तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुस्तक मिटलं.

रात्री विचार करताना लक्षात आलं, मी तिला शिकवलं काहीच नाही. नुसती परीक्षा घेतली.

हाच घोळ अमेरिकेत एका बाईंनी चक्क मिनिटांत मोजून ठेवलाय. इलिनॉय विद्यापीठाच्या डोलोरेस डर्किन. शाळांत आकलन कसं शिकवतात हे पाहायला त्या नि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष वर्गात जाऊन बसले. त्यांचा शोधनिबंध १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झाला. चौथीच्या वर्गांत त्यांनी वाचनाच्या शिकवणीची ४,४६९ मिनिटं पाहिली. त्यातली आकलन शिकवण्यात किती गेली? २०! शिक्षक काही आळशी नव्हते. ते प्रश्न विचारत होते, उत्तरं तपासत होते, वर्कशीटं सोडवून घेत होते. पण उत्तरापर्यंत पोचायचं कसं, हे दाखवणं राहूनच जात होतं.

मग दाखवायचं कसं? १९८४ मध्ये अ‍ॅनमरी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राउन या दोघींनी एक रीत मांडली. त्यांची मुलं सातवीची होती. वाचायची नीट, पण कळायचं कमी. कामं चारच: वाचलेलं थोडक्यात सांगणं, त्यावर प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं. आधी शिक्षक हे सगळं मोठ्यानं बोलून करणार, मग मुलं पाळीपाळीनं 'शिक्षक' होणार आणि खरे शिक्षक हळूहळू मागे सरणार. मुलांचं आकलन चांगलंच सुधारलं. पुढे पहिलीच्या मुलांनाही हे जमलं. तिथे फक्त मजकूर शिक्षक वाचून दाखवत.

अर्थात ही जादूची कांडी नव्हे. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली! आपल्याकडे 'नाइट वॉचमन' वाचून ज्याला बिल्डिंगचा गुरखा आठवतो, त्याला मॅचची बातमी काय कळणार? म्हणजे युक्त्या हव्यात, तशी जगाची ओळखही हवी.

असो. आज पुन्हा तीच गोष्ट काढली. या वेळी मी वाचली आणि मधेच थांबलो. "अरेच्चा, कोल्हा परत का गेला? मला नाही कळलं. मागचं पान बघू." मागच्या पानावर ओल्या मातीत वाघाच्या पंजाचे ठसे होते. ते तिलाच आधी दिसले.

मग माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तुला पण पटकन कळत नाही?"

"नाही गं. मला पण मागे जाऊन बघावं लागतं."

पुढचं पान तिनं वाचलं. आणि मधेच, स्वतःहून, थांबली.