पारण्यानंतरचा दिवस

नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून काढले. त्यातील ‘अळणी भाजी’ या प्रकरणात आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि जेवणारे चकार शब्द न काढता ती भाजी खातात. तिला ते कळते ती स्वतः जेवायला बसल्यावर. वर्गात आपण हा प्रसंग दुसऱ्याचे मन जपण्याचा धडा म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मराठी घरात अन्न आणि मन यांची गाठ किती घट्ट बसली आहे, याचाही तो दाखला आहे. पानातले नाकारणे म्हणजे रांधणारीला नाकारणे. वजन उतरवून ते उतरलेलेच ठेवू पाहणाऱ्याची कसोटी पुष्कळदा भुकेच्या आधी या गाठीपाशी लागते.

‘डाएट’ हा शब्द आपण इंग्रजीतून उचलला, पण अर्ध्याच अर्थाने. मूळ ग्रीक शब्दाचा रोख राहणीकडे, जगण्याच्या रीतीकडे आहे. मराठीत मात्र डाएट सुरू करतात आणि सोडतात. उपवासही आपण धरतो आणि सोडतो. नवा शब्द जुन्या क्रियापदावर बसला, आणि त्यासोबत निग्रहाला मुदत असते ही जुनी कल्पनाही आली.

ही मुदत आली कोठून? धर्मशास्त्राने कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भाग पाडले. नित्य ते रोजचे, न संपणारे. काम्य ते फळाच्या इच्छेने आरंभलेले. काम्य व्रत पुरे झाले की त्याचे उद्यापन करून मोकळे व्हायचे. आहाराचे नियमही बारकाईने सांगितलेले आहेत: दिवसातून एकदाच जेवणे ते एकभक्त, रात्रीच जेवणे ते नक्त, न मागता मिळेल तेवढेच खाणे ते अयाचित. चातुर्मासात धरणेपारणे करणारे एक दिवस उपाशी राहत आणि दुसऱ्या दिवशी जेवत. दिवसाआडचा उपवास आता परदेशी संशोधनाचा विषय झाल्यामुळे ‘हे तर आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. धरणेपारणे हे पुण्यासाठी होते, आणि कार्तिकी एकादशीनंतर ते संपत असे.

मुदतीच्या आतही आपण वाटा काढल्याच. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगीच पडलेली नाही. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोचलेले. निषेध धान्याचा होता. ही परकी मंडळी त्या यादीत नव्हतीच. आजचे खिचडीचे ताट ज्ञानेश्वरांना ओळखूही आले नसते!

देहाला मात्र पंचांग कळत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात छत्तीस निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहण्याचे पत्करले. पुढे पोटभर मिळू लागले तरी त्यांच्यापैकी अनेकांची भूक शमेना. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, वजन उतरवल्यानंतर वर्ष लोटले तरी भुकेची संप्रेरके पूर्वस्थितीवर आलेली नव्हती. वजन परत आलेल्या माणसाला दुबळ्या मनाचा ठरवणे म्हणूनच आम्हाला अन्यायाचे वाटते. अमेरिकेत १९९४ पासून, किमान तीस पौंड (सुमारे साडेतेरा किलो) वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली गेली. त्यातील बहुतेकजण बरेच चालतात, वजन नियमाने पाहतात. आणि कामाच्या दिवशी व सुटीच्या दिवशी सारखेच खाणाऱ्यांचे वजन अधिक टिकलेले आढळले. अशांच्या पंचांगात पारणे नाही.

हाच नित्याचा मार्ग गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्ताहाराचा आहे: अति खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. आधुनिक काळात गांधीजींनी १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात नेम केला की दिवसभरात पाचांहून अधिक पदार्थ घ्यायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचे नाही. यजमानांनी आपल्यासाठी पदार्थांचा थाट मांडू नये, हाही त्यामागे हेतू होता. आग्रहाला उत्तर देण्यासाठी त्यांनी भांडण केले नाही, आधीच सांगितलेला नियम पुढे केला. या नियमाला उद्यापनाची तारीख नव्हती.

२०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांच्या सूत्रावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदाच जेवण्याचा प्रचार केला, तर ऋजुता दिवेकरांनी थोडे थोडे आणि घरचे खाण्याचा. वाद बराच रंगला. रेल्वे, छापखाना आणि छावणी यांवर वाढलेल्या नाशिक रोडसारख्या वस्तीत पाळीची नोकरी करणाऱ्याला आम्ही विचारू: तुमच्या घड्याळात यांतले कोणते वर्षानुवर्षे बसेल?

आणि घरात १९७२ चा दुष्काळ पाहिलेली, आयात मिलो ज्वारी खाल्लेली पिढी असेल, तर ‘पानात टाकू नये’ हा नियम तिथे सहजी मोडत नाही. तो मोडायचेही कारण नाही. पहिली वाढ अर्धीच घ्यावी, उरलेले झाकून ठेवावे, आणि भाजी चांगली झाली असे मोठ्याने सांगून हात धुवायला उठावे.