आवाजाची वाटणी

माझा भाचा यंदा कोल्हापूरहून आला, तो फराळाच्या ताटाआधी कॅटलॉगच उघडून बसला. त्याच्या बँडने वर्षभराच्या सुपाऱ्यांतून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आहेत आणि त्यांतून त्यांना ‘स्पीकर मॅनेजमेंट’ची पेटी घ्यायची आहे. ‘‘मामा, कोणती घेऊ?’’ असे त्याने विचारताच घरातली सगळी मंडळी हसू लागली. त्या हसण्याला कारण आहे.

तरुणपणी आमचाही एक हौशी ऑर्केस्ट्रा होता. मला गाता येत नव्हते, म्हणून तारा आणि कर्णे यांचा कारभार माझ्याकडे आला. मिरजेच्या एका गॅदरिंगला घाईघाईत माझ्याकडून दोन तारांची अदलाबदल झाली. खर्जाची तार उंच सुरांच्या भोंग्याला लागली! ढोलकीवर पहिली थाप पडली मात्र, दोन्ही भोंगे ‘कट्’ करून कायमचे मुके झाले. कार्यक्रम कसाबसा उरकला. पण निम्मी बिदागी दुरुस्तीत गेली आणि आमच्या गायिकेने वर्षभर माझ्याशी अबोला धरला. त्या रात्रीपासून मला एक कुतूहल लागून राहिले. आवाजाची अशी वाटणी करण्याचा उपद्व्याप मुळात सुरू तरी का झाला?

प्रारंभी सारा संसार एकाच कर्ण्याचा होता. पीटर जेन्सन हा डेन्मार्कचा गृहस्थ आणि त्याचा अमेरिकन सहकारी एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियातील नापा गावी आपला ‘मॅग्नाव्हॉक्स’ सिद्ध केला आणि १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे जमलेल्या प्रचंड समुदायाला गाणी व भाषणे ऐकवली. १९१९ मध्ये सॅन दिएगो येथे अध्यक्ष विल्सन यांचे भाषण अशाच यंत्रातून पन्नास हजारांवर लोकांनी ऐकले. आपल्याकडे स्वातंत्र्यपूर्व काळातल्या सभांच्या छायाचित्रांत नेत्यांसमोरच्या ध्वनिक्षेपकावर ‘शिकागो रेडिओ’ अशी अक्षरे दिसतात. हे नाव वाचून ते यंत्र परदेशी असावे असे मला कितीतरी वर्षे वाटे. पण ती मोटवाने कुटुंबाची, आपल्याच देशातली पेढी!

भाषणाला एक कर्णा पुरतो. संगीताला पुरत नाही. खर्ज हवा तर मोठा, जड पडदा हवा आणि त्याने पुष्कळ हवा ढकलली पाहिजे. झांजेची किणकिण हवी तर पडदा नाजूक, हलका हवा. एकाच पडद्याकडून दोन्ही कामे घेणे म्हणजे पहिलवानाला रांगोळी काढायला बसवणे. तेव्हा वेगळे बिऱ्हाड करणे आले. बेल प्रयोगशाळेने २७ एप्रिल १९३३ रोजी ते थाटामाटात करून दाखवले. वाद्यवृंद वाजवत होता फिलाडेल्फियात आणि श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये! प्रख्यात संचालक स्टोकोव्स्की त्या दिवशी हातात छडी न घेता वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या खुंट्या फिरवीत होते. तिथल्या ध्वनिवर्धकांत सेकंदाला ३०० कंपनांच्या खालचे सूर एका मोठ्या कर्ण्याकडे आणि वरचे सूर लहान कर्ण्यांकडे वाटून दिले होते.

वाटणी झाली की भांडण आलेच. हॉलिवुडमध्ये एमजीएमच्या ध्वनिविभागात डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड चित्रपटगृहांसाठी नवी यंत्रणा रचीत होते, तेव्हाची एक गोष्ट सांगतात. एलिनॉर पॉवेल या नर्तकीचे टॅप-नृत्य पडद्यावर चालू असता तिच्या पायाचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येई. खर्जाचा कर्णा लांब होता. त्यातून ध्वनी बाहेर पडायला उशीर होई आणि तोवर वरचा कर्णा आपला ठोका देऊन मोकळा होई. ध्वनीला एक मीटर चालायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. ती क्षुल्लक वाटणारी वेळ कानाने पकडली. पुढे या मंडळींनी दोन्ही कर्ण्यांच्या वाटा जुळवल्या, आणि त्या यंत्रणेला १९३६ सालासाठी अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले.

बँडवाल्यांपर्यंत हे शहाणपण पोचायला मात्र फार वेळ लागला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सचे गाणे ऐकायला ५५,००० हून अधिक माणसे जमली होती. वाद्यांना होते १०० वॉटचे अँप्लिफायर, आणि आवाज पोचवण्याची भिस्त मैदानाच्या लाउडस्पीकरवर! लोकांनी मुख्यतः एकमेकांच्या किंकाळ्याच ऐकल्या. नंतर ‘ग्रेटफुल डेड’ या कॅलिफोर्नियाच्या बँडने अगदी दुसरे टोक गाठले. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर, सारे मिळून सुमारे सहाशे, वजन सुमारे ७५ टन. १९७४ साली ही ‘आवाजाची भिंत’ त्यांनी गावोगाव नेली आणि खर्चापायी त्याच वर्षी मोडलीही. मला त्यांचा विशेष आपलेपणा वाटतो तो फेब्रुवारी १९७३ मधल्या स्टॅनफर्डच्या कार्यक्रमामुळे. तिथे पहिले गाणे सुरू होताच त्यांचे ट्वीटर जळून गेले होते. एवढे विद्वान अभियंते हाताशी असूनही! मिरजेची माझी लाज त्या दिवशी निम्मी उतरली.

१९७६ साली झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी सहकारी रस रायली यांच्यासह तयार केलेली गाळणी प्रसिद्ध केली. वाटणीच्या सीमेवर दोन्ही स्पीकर एकाच तालात राहतात आणि त्यांची बेरीज सरळ येते, ही तिची खुबी. आज भाच्याच्या कॅटलॉगमधील बहुतेक पेट्यांत तीच ‘२४ डेसिबल’वाली गाळणी आकड्यांच्या रूपाने बसलेली असते. वाटणी, विलंब आणि मर्यादा हा सगळा पूर्वीचा कपाटभर संसार आता एका हातभर डब्यात मावतो.

भाच्याला मी आधी विचारले, ‘‘तुझ्या स्पीकरांत अँप्लिफायर आतच आहे का?’’ तसे असेल तर आत बहुधा प्रोसेसरही असतोच, मग टॉपची नि बेसची जोडी तेवढी जुळवायची उरते. त्याचे अँप्लिफायर वेगळे निघाले. दोन बेस, दोन टॉप. टॉपमधली वाटणी पेटीतल्या पेटीत झालेली. म्हणजे दोन वाटा आत, चार बाहेर एवढी पेटी त्याला पुरे. सहा-आठ वाटांची महाग पेटी दुकानदार गळ्यात मारील, तिच्यातले पैसे तारांना ठेव म्हटले.

मांडणीचा क्रमही मी त्याला लिहून दिला. सीमेचे आकडे स्पीकर बनवणाऱ्याच्या कागदावरून घ्यायचे, कानावरून नव्हे. मग विलंब. तो बरोबर बसला का हे पाहायला एका बाजूची तार मुद्दाम उलटी करावी. सीमेवरचा सूर जिथे सर्वांत पोकळ पडेल तिथे वेळ जुळली, आणि मग तार सुलट करावी. त्यानंतर लिमिटर, अँप्लिफायर आणि स्पीकर या दोघांची ताकद पाहून. गोड-तिखट करण्याच्या खुंट्यांना हात सर्वांत शेवटी. पोरांना नेमका तोच हात आधी लावायचा असतो!

पाडव्याला संध्याकाळी गच्चीवर चाचणी झाली. बहीण खालून ओरडत होती, की दहाच्या आत आटपा, शेजारी आजारी आहेत. भाच्याने चारी तारांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आवाज अगदी तळाला आणला आणि टॉपची तार माझ्यापुढे धरली. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि तार त्यालाच परत दिली.