उतरलेली ॲलर्जी परत येते तेव्हा

पावसाळा लागला की उमरेड-रामटेककडच्या शेतांतून साप चावलेले रुग्ण नागपूरच्या मेडिकल आणि मेयोत येऊ लागतात. त्यांना दिले जाणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते. मुंबईच्या हाफकिननेही ते बनवले आहे. जीव वाचवणारे हे औषध काहींना मानवत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. मग मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन देतात आणि बहुतेकदा थोड्या वेळात रुग्णाला बरे वाटते. नातेवाईक विचारतात, आता घरी न्यायचे का?

या प्रकाराला नाव मिळाले ते १९०२ साली. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांचे विष कुत्र्यांना टोचून पाहत होते. थोडे थोडे विष दिले की शरीर तयार होईल, असा हिशेब. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिला डोस सहज पचला. बावीस दिवसांनी तेवढाच डोस दिला आणि तो पंचवीस मिनिटांत मेला. संरक्षण व्हायचे तिथे उलटेच घडले, म्हणून रिशेने शब्द घडवला 'ॲनाफिलॅक्सिस'. १९१३ चे नोबेल त्याला याच कामासाठी मिळाले.

पण एकाच झटक्याला दुसरी लाट असते, ती पुन्हा विष किंवा औषध न देताही येते, हे नीट नोंदले जायला बरीच दशके लागली. १९८४ मध्ये पोपा आणि लर्नर यांनी असे तीन रुग्ण मांडले; १९८६ मध्ये स्टार्क आणि सलिव्हन यांचा अभ्यास आला. आमच्या उर्दूत आजार उलटून येण्याला 'औद-ए-मर्ज' म्हणतात, पण तो दिवसांनी, आठवड्यांनी. इथे मधली शांतता बहुधा काही तासांचीच, क्वचित तीन दिवसांपर्यंत. (प्रतिविषानंतर आठ-दहा दिवसांनी ताप आणि सांधेदुखी येते, तो सीरम सिकनेस निराळा, त्याचे वर्णन पिर्के आणि शिक यांनी १९०५ मध्येच केले होते.)

दुसरी लाट साधारण वीसात एकाला येते. पहिला झटका जोराचा असेल किंवा ॲड्रेनलिन उशिरा मिळाले असेल तर धोका वाढतो. ॲड्रेनलिनचा असर लवकर ओसरतो, आणि स्टेरॉइड दिल्याने ही लाट थांबते असा भक्कम पुरावा नाही. म्हणून झटका सौम्य असेल आणि रुग्ण लवकर सावरला असेल तर तासाभराची देखरेख पुरते, पण तो जोराचा असेल किंवा ॲड्रेनलिन पुन्हा द्यावे लागले असेल तर सहा तास किंवा जास्त थांबवतात. रोजंदारीवाल्याला मजुरी बुडवून खाटेवर पडून राहणे जड जाते. शिवाय उमरेडकडच्या एखाद्या वस्तीवर रात्री दोनला घसा पुन्हा सुजला, तर गाडी मिळायलाच तास जातो.