वाफेच्या मागावर : कामावरची गाडी आणि तिचा कॅमेरावाला

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा खेळ झाला. त्यातल्या चित्रफितींपैकी एक होती स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची. म्हणजे सिनेमा आपल्याकडे आला तोच गाडी घेऊन. त्या काळी वाफेची गाडी चित्रित करायला कुठे लांब जायची गरज नव्हती, कारण दुसरी गाडीच नव्हती. आज आपण बोलणार आहोत ते पुढच्या काळाबद्दल. तेव्हा ही गाडी बघायला माणसं समुद्र ओलांडू लागली.

याची सुरुवात इंग्लंडात झाली. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गावरची वाफेची शेवटची खास गाडी लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलपर्यंत नेऊन परत आणली. तिकीट होतं पंधरा गिनी, त्या काळाच्या मानाने चांगलंच महाग. मग छंदिष्ट मंडळींनी नकाशे उघडले. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत वाफ होती. दक्षिण आफ्रिकेत, तुर्कस्तानात, पोलंडमध्ये होती. भारतात तर चित्तरंजनच्या कारखान्यात १९७२ पर्यंत नवी वाफेची इंजिनं बनत होती! आपल्या वऱ्हाडातल्या शकुंतलेच्या पुढे मँचेस्टरला बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. मुर्तिजापूर-यवतमाळच्या प्रवाशाला ती रोजची रखडणारी गाडी. पण दुरून आलेल्या पाहुण्याला तिच्यात काही वेगळंच दिसायचं.

हे 'वेगळं' म्हणजे नेमकं काय, हा आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाचा प्रश्न.

बघा, इंग्लंडात जपून ठेवलेली, घासूनपुसून लखलखीत केलेली इंजिनं भरपूर आहेत. रविवारी पोराबाळांना घेऊन धावतातसुद्धा. पण परदेशी जाणाऱ्या छंदिष्टाला ती नको असतात. त्याला हवी असते कामावरची गाडी. डब्यात कोळसा नाहीतर लाकूड भरलेलं, इंजिनाला काजळी, आणि ड्रायव्हरला याच्या कॅमेऱ्याची काडीइतकी फिकीर नाही. कांट म्हणतो की सौंदर्याचा आनंद निर्हेतुक असतो, त्यात पाहणाऱ्याचा स्वार्थ नसतो. इथे गंमत अशी की पाहणाऱ्याचा हेतू नसला तरी चालतो, गाडीला मात्र हेतू लागतो.

या शोधातलं मोठं तीर्थक्षेत्र ठरलं चीनमध्ये. इनर मंगोलियात जीनिंग ते तोंगल्याओ असा सुमारे साडेनऊशे किलोमीटरचा जी-तोंग मार्ग १९९५ साली सुरू झाला. मार्ग नवा कोरा, पण इंजिनं वाफेची, सरकारी रेल्वेकडून आलेली जुनी. त्यांचं नाव 'च्यानजिन', म्हणजे 'पुढे चला'. चीनने या जातीची साडेचार हजारांहून अधिक इंजिनं बांधली, तीही अगदी १९८८ पर्यंत. वाटेत जिंगपेंगची खिंड लागते. वळणं, उंच पूल, बोगदे, आणि चढावर मालगाडी ओढायला पुढे एकाऐवजी दोन इंजिनं. जगभरातले लोक तिथे भर हिवाळ्यात जात. शून्याखाली वीस अंश थंडी, बॅटऱ्या गारठू नयेत म्हणून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायच्या आणि टेकडीवर तासन्‌तास उभं राहायचं. हिवाळाच का? तर नळीतून बाहेर पडलेली वाफ थंड हवेत लगेच बारीक थेंबांत बदलून पांढरीशुभ्र दिसते. उन्हाळ्यात ती नजरेला धड पडतही नाही.

आता इथे जरा थांबू. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी दहा टक्केही चाकापर्यंत जेमतेम पोचवतं. उरलेली बरीचशी जाते धुराड्यातून वर. म्हणजे छंदिष्ट ज्या ढगासाठी चार हजार मैल येतो, तो ढग म्हणजे रेल्वेच्या हिशेबातली तूट! दक्षिण आफ्रिकेने १९५० च्या दशकात कारूच्या कोरड्या प्रदेशासाठी नव्वद इंजिनं अशी आणली होती, की वापरलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायची. पाण्याची मोठी बचत झाली. पण धुराड्यातून वाफेचा फुत्कारच निघेना, तो ओळखीचा झुकझुक आवाज गेला आणि त्या जागी पंख्याची शीळ आली. काटकसरी इंजिन कॅमेऱ्याच्या आणि कानाच्या कामाचं नाही.

ही तूट हिशेबात मांडली जाते, पण फायरमनचा घाम चित्रफितीत फारसा येत नाही. लांबून, टेकडीवरून घेतलेल्या दृश्यात माणूस ठिपक्याएवढा. आत एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला मंगोलियाचा वारा. डिझेल आलं तेव्हा फूटप्लेटवरच्या माणसाने हळहळावं अशी अपेक्षा धरणं आम्हाला तरी अन्यायाचं वाटतं. हळहळ खरी आहे, पण ती पाहणाऱ्याची. ज्याला दुसऱ्या दिवशी तेच फावडं हातात घ्यायचं नाही, त्याची.

आणि पैशाने कामावरची गाडी विकत घेता येते का? बरेच ठिकाणी घेतात. गट मिळून गाडी भाड्याने ठरवतो. गाडी पुलाच्या मागे नेतात, मग फायरमन कोळसा जास्त टाकून काळा धूर काढतो आणि गाडी कॅमेऱ्यांसमोरून धावते. सूर्य ढगाआड गेला तर पुन्हा मागे, पुन्हा धाव. डबे रिकामे. चित्र बहुधा अस्सलपेक्षा सरस येतं. तरी त्याच गटातले जुने लोक त्याला दुय्यम मानतात. त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं, पण एक पुस्ती जोडून : कित्येक ठिकाणी त्या भाड्याच्या पैशाशिवाय भट्टी पेटलीच नसती.

जी-तोंगला पाहुण्यांचा पैसा पुरण्यासारखा नव्हताच, तिथे प्रश्न मालवाहतुकीचा होता. डिसेंबर २००५ मध्ये मुख्य मार्गावरची वाफ बंद झाली. शेवटच्या आठवड्यांत टेकड्यांवर गर्दी उसळली होती. त्यातली दोन इंजिनं पुढच्या वर्षी अमेरिकेत आयोवाला पोचली. पुढे ती तिथे खास दिवशी धावली, आणि लोक तिकीट काढून बसले.