टिंब, तारा आणि हिरा

नाणे जितके जुने तितके ते दुर्मीळ, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो फारसा खरा नाही. १८६२ साल घातलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपया आजही सराफाकडे सहज मिळतो. कारण १८७४ पर्यंत रुपयावर तेच साल पडत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने मात्र मागील बाजूस बारीक टिंबे देऊन खऱ्या वर्षाची खूण ठेवली. टिंबे मोजणाऱ्यालाच त्यांतला विरळा रुपया ओळखता येतो.

दुर्मीळपणा बहुधा कारभारातल्या एखाद्या प्रसंगातून जन्मतो. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरील मानचिन्हाच्या साखळीत एक इवलासा हत्ती कोरला होता. कोरणाऱ्याचा हात असा काही फिरला, की आखूड सोंडेचा तो हत्ती लोकांना चक्क डुक्कर वाटू लागला! मुसलमान जनतेने तीव्र हरकत घेतली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते. त्यांपैकी जेमतेम ७ लाख बाजारात गेले होते. उरलेले सरकारने वितळवले आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड दिली. तांदळाएवढ्या चित्रापायी लाखो रुपये भट्टीत गेले.

आता आपल्या खिशातली मोड पाहा. सालाखाली हिऱ्याची आकृती असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. नोएडाची टांकसाळ १९८८ मधली; त्यापूर्वीच्या सालाखाली टिंब दिसले तर ते तिचे खचितच नव्हे. १९८५ साली सुट्या नाण्यांची चणचण भासली, तेव्हा काही रुपये ब्रिटनमध्ये पाडून आणले गेले. त्यांतील बर्मिंगहॅमच्या नाण्यांवर रोमन लिपीतला ‘एच’ आहे. असा रुपया आता क्वचितच हाती येतो, आणि आला तरी बहुतेकांच्या हातून तो न पाहताच पुढे जातो.

राणीछाप रुपयाची कथा निराळी. तो खिशातून केव्हाच गेला आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात जाऊन बसला. तिथे दरवर्षी त्याला चिंच लावून लख्ख घासतात. आणि त्या घासण्यात झिजतात ती नेमकी ही टिंबे.